बालकांतील तमकश्वास : हेतूंची विचारपूस

ज्येष्ठ सरतासरता पहिले चार पाऊस पडतात, शाळा व बालवाड्या उघडतात आणि पंधरवड्याच्या आत आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत एकाच धर्तीचे बालरुग्ण येऊ लागतात. वय दीड ते पाच वर्षे, दोन दिवस वाहिलेले नाक, तिसऱ्या रात्री खोकला आणि पहाटे छातीत घुरघुर. पालकांचा पहिला प्रश्न असतो, "याला दमा तर नाही ना?" आणि दुसरा, "याचे काय काय बंद करू?" प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचाच प्रामुख्याने विचार करावयाचा आहे. योग, मात्रा व अनुपान यांची चर्चा येथे हेतुतः टाळली आहे. निदान हा शब्दही रोगविनिश्चय या व्यवहारातील अर्थाने न घेता हेतू या शास्त्रीय अर्थाने वापरला आहे.

"काय बंद करू?" या प्रश्नाचे आपणा बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. दही, केळे, पेरू, सीताफळ, थंड पाणी, आइस्क्रीम. हे उत्तर अशास्त्रीय म्हणता येणार नाही. दधि, आमक्षीर, पिष्टान्न, गुरु व अभिष्यंदी आहार यांची गणना चरकाचार्यांनी हिक्काश्वासचिकित्सिताध्यायात केलेलीच आहे. परंतु तो हेतुसंग्रह पुन्हा एकदा उघडून पाहावा अशी वाचकांना विनंती आहे. त्याचा आरंभ रज, म्हणजे धूळ, या शब्दाने होतो. त्यानंतर धूम, त्यानंतर वात, मग शीत स्थान व शीत जल. अतिसार, ज्वर, छर्दी, प्रतिश्याय यांचा निदानार्थकर रोग म्हणून उल्लेख पुढे येतो आणि दह्यादुधाची पाळी त्याही नंतर येते. श्लोकातील क्रम हा नेहमीच बलाबलाचा क्रम नसतो, छंदाची सोयही पाहावी लागते, हे आम्ही जाणतो. तरीही बालरुग्णाच्या घरी प्रत्यक्ष जे आढळते त्याच्याशी हा क्रम विलक्षण जुळतो. असे असूनही आपली प्रश्नावली स्वयंपाकघरातील फळीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. धूळ आणि धूर यांविषयी विचारलेच तर एखाददुसरा प्रश्न, तोही घाईत.

बालकच का?

बाल्यावस्था ही कफप्रधान अवस्था आहे, हे सर्वश्रुत आहे. सुश्रुताचार्यांनी क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे वयाचे जे तीन टप्पे सांगितले, त्यांपैकी दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या आरंभी, म्हणजे साधारणतः दुसऱ्या वर्षाच्या पुढे-मागे, पहिला श्वासवेग दिसण्याचे प्रमाण मोठे आहे. याच काळात बालक आईच्या मांडीवरून जमिनीवर आलेले असते, घरभर हिंडू लागलेले असते आणि इतर मुलांत मिसळू लागलेले असते.

याला शरीररचनेचीही जोड आहे. बालकाचे श्वासमार्ग मुळातच अरुंद असतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली तर वायूच्या वहनास होणारा अवरोध दुपटीने वाढत नाही, तो जवळजवळ सोळापट होतो. प्रौढाच्या स्रोतसात किंचित शोथ व थोडा कफ आला तर तो खोकून मोकळा होतो. तेवढ्याच शोथाने दोन वर्षांच्या मुलाची छाती वाजू लागते. म्हणून छाती वाजणाऱ्या प्रत्येक बालकावर दम्याचा शिक्का मारणे जसे चुकीचे, तसेच "लहानपणीचे आहे, मोठेपणी जाईल" असे सरसकट सांगणेही धोक्याचे आहे.

या संदर्भात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टक्सन येथील दीर्घकालीन अभ्यासाचे 1995 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आपल्या व्यवसायबंधूंना उपयुक्त वाटतील. तेथे 826 मुलांचा जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला. त्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांची छाती कधीच वाजली नाही. सुमारे 20 टक्के मुलांना पहिल्या तीन वर्षांत घुरघुर झाली, पण सहाव्या वर्षी ती राहिली नाही. सुमारे 15 टक्के मुलांना तिसऱ्या वर्षानंतर त्रास सुरू झाला आणि जवळपास 14 टक्के मुलांना आधीही होता व सहाव्या वर्षीही राहिला. ज्यांचा त्रास निघून गेला त्यांच्यात मुळातच अरुंद श्वासमार्ग आणि मातेचे धूम्रपान यांचा संबंध दिसला. ज्यांचा टिकला त्यांच्यात मातेचा दमा आणि ॲलर्जीची प्रवृत्ती अधिक होती. मधुकोशकारांनी सांगितलेला उत्पादक व व्यंजक हेतूंचा भेद येथे सहज आठवतो. बीजदोष, आईवडिलांपैकी एकाचा दमा, बालकाच्या अंगावर पूर्वी येऊन गेलेला इसब, अपुऱ्या दिवसांचा जन्म, अल्प जन्मभार ही भूमी होय. ती आपल्याला बदलता येत नाही. प्रत्यक्ष वेग ज्याने उठतो ते व्यंजक हेतू मात्र घरात, अंगणात, शाळेत सापडतात आणि त्यांतील पुष्कळ दूर करता येतात. तमकश्वास याप्य, पण नवोत्थित असल्यास साध्य, असे चरकाचार्य म्हणतात. या नवोत्थित शब्दाचा सर्वांत मोठा लाभ बालरुग्णाला मिळू शकतो. एवढ्यासाठीच हेतूंची विचारपूस लवकर आणि कसून व्हावयास हवी.

प्रतिश्याय

पाच वर्षांखालील बालकांत श्वासवेगाचा सर्वांत मोठा व्यंजक हेतू म्हणजे विषाणुजन्य सर्दी. नवजात व पहिल्या वर्षातील अर्भकांत आर.एस.व्ही. हा विषाणू आणि त्यानंतर ऱ्हायनोव्हायरस यांचा वाटा मोठा आहे. प्रतिश्याय हा श्वासाचा हेतू असल्याचे चरकाचार्यांनी सांगितले आहेच. शिवाय तमकाच्या संप्राप्तीतही प्रतिलोम झालेला वायू कफास उदीर्ण करून प्रथम पीनस उत्पन्न करतो असे वर्णन आहे. पालकांना हा क्रम समजावून सांगावा. "सर्दी छातीत उतरली" ही त्यांची भाषा आहे आणि ती वाईट नाही.

शाळा उघडण्याच्या सुमारास रुग्ण वाढतात ते केवळ पावसामुळे नव्हे. थोरले भावंड वर्गातून सर्दी आणते आणि धाकट्याची छाती वाजते. विदर्भात शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. तेथील बंधूंनी आपापल्या नोंदवह्या या दृष्टीने चाळून पाहाव्यात. शाळेतून आल्यावर हातपाय-तोंड धुऊन मगच बाळाजवळ जावे हा जुना घरगुती नियम येथे औषधाइतका कामाचा आहे.

धूम

"घरात चूल आहे का?" हा प्रश्न आता निरुपयोगी झाला आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची जोडणी बहुतेक घरांत पोहोचली आणि "नाही, गॅस आहे" असे उत्तर मिळते. परंतु आंघोळीचे पाणी कशावर तापते, हे विचारून पाहावे. परसातील चूल, तांब्याचा बंब, त्यात घातलेल्या तुराट्या, नारळाच्या करवंट्या, झावळ्या, कधी प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा. बंब मोरीला लागून असतो, मोरी माजघराला लागून असते आणि पहाटे पाच वाजता, नेमक्या ज्या वेळी तमकाचा वेग बळावतो त्या वेळी, बालक त्या धुरात झोपलेले असते. सिलिंडर महाग झाला की भाकरीही पुन्हा चुलीवर जाते. हे पालक आपणहून सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना कमीपणा वाटतो. तेव्हा प्रश्न सांभाळूनच विचारावा.

तंबाखूचेही तसेच आहे. "घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का?" यावर आई "नाही" म्हणते. वडील ओटीवर ओढतात, ती "घरात" धरली जात नाही. परंतु त्या कपड्यांना व श्वासाला धुराचा अंश चिकटलेला असतो आणि बालक त्याच खांद्यावर झोपते. मशेरीचा प्रश्न तर आपण विचारतच नाही. आजी तव्यावर तंबाखू भाजते तो धूर थेट स्वयंपाकघरात कोंडतो. गर्भिणीने मशेरी लावल्यास बालकाचा जन्मभार घटण्याचा धोका असतो, म्हणजे उत्पादक हेतूची तयारी जन्माआधीच सुरू होते.

डासांच्या कॉइलविषयी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एक कॉइल जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म धूलिकण हे 75 ते 137 सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरले होते. जो पिता मुलासमोर कधी सिगारेट पेटवणार नाही, तोच प्रेमापोटी रात्रभर त्याच्या खाटेखाली कॉइल लावून ठेवतो. मच्छरदाणी हाच येथे निर्दोष पर्याय होय. दिवाळीतील फटाक्यांबाबत पालक आवाजाला भितात. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 साली केलेल्या मोजणीत मात्र सर्वाधिक सूक्ष्म कण आढळले ते सापाच्या गोळीतून. आवाज नाही म्हणून ती सर्वांत लहान मुलाच्या हाती दिली जाते आणि तो वाकून, अगदी जवळून, साप कसा निघतो ते पाहत बसतो.

आता अवघड मुद्दा. धूपन हे आपल्या शास्त्राचे अंग आहे. काश्यपसंहितेत धूपांसाठी स्वतंत्र कल्पाध्याय आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, लसणाच्या साली यांची धुरी देण्याची रीत आजही चालू आहे, व ती आपल्यापैकी अनेक जण सांगतात. मग धूम हा हेतू आणि धूमच रक्षण, हे कसे? चरकाचार्यांनी शारीरस्थानात कुमारासाठी सांगितलेले धूपन त्याच्या वस्त्रांचे, अंथरुणा-पांघरुणाचे आहे. बालकाच्या नाकातोंडाशी धूर नेण्याचे तेथे प्रयोजनच नाही. वाग्भटाचार्य तर अठरा वर्षांच्या आत धूमपान नको असे स्पष्टपणे सांगतात. म्हणून आमचे मत असे की, दुपटी-झबली धूपित करावयाची असल्यास बालकास दुसऱ्या खोलीत ठेवून करावीत, खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच त्याला आत आणावे; आणि ज्या बालकाची छाती एकदा तरी वाजली आहे त्याच्या घरी धुरी, धूप, सांब्राणी यांपैकी काहीही नको. या मतास परंपरेचा अनादर समजणारे काही ज्येष्ठ भेटतील. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना शारीरस्थानातील तो भाग वाचावयास द्यावा.

रज

घरातील धूळ ही डोळ्यांना दिसणारी धूळ नव्हे. गाद्या, उशा, गोधड्या, कापसाची खेळणी यांत सूक्ष्म कीटक वाढतात. माइट या नावाने ते ओळखले जातात. माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात, त्यांना दमट हवा मानवते. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे आत जातात व ज्यांना त्यांचे सात्म्य नाही त्यांना वेग उठतो. कोकणपट्टी, मुंबई व गोवा येथील हवा त्यांना फारच अनुकूल आहे. पावसाळाभर पेटीत बंद असलेली गोधडी कार्तिकात पहिली थंडी पडताच काढून थेट बालकाच्या अंगावर घातली जाते आणि त्याच रात्री खोकला सुरू होतो; दोष थंडीला दिला जातो. पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. भिंतीची ओल व तिच्यावरील काळी बुरशी, सांडपाण्याच्या जाळीतून येणारी झुरळे यांचाही यातच समावेश करावा. केर सुक्या झाडूने काढतेवेळी बालक खोलीत नसावे, ओल्या फडक्याने पुसून घेणे उत्तम.

घराबाहेरील रज प्रदेशानुसार बदलते. मराठवाड्यात व विदर्भात आश्विनात सोयाबीनची मळणी, चैत्राच्या आसपास गव्हाची मळणी, उन्हाळ्यात मिरची कांडप, उसाच्या पट्ट्यात पाचट जाळण्याचे दिवस, नदीकाठच्या वीटभट्ट्या. पुणे परिसरात 1955 च्या सुमारास प्रथम आढळलेले गाजरगवत आज सर्वत्र माजले आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याचे पराग हवेत असतात. प्रत्येक वैद्याने आपल्या पंचक्रोशीचे असे एक पंचांग स्वतः तयार करावे. शहरातील ग्रंथ ते पुरवू शकणार नाहीत.

आमच्याकडे आलेल्या एका साडेतीन वर्षांच्या मुलीचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. वर्षभर दर पंधरा-वीस दिवसांनी श्वासवेग. दही, ताक, केळी, दूध, सर्व बंद. वजन वाढेना. आईने बोलताबोलता सांगितले की आजोळी मे महिनाभर मुलगी एकदाही खोकली नाही, आणि तेथे तर ती रोज दहीभात खात होती. मग घराची चौकशी झाली. पिठाची गिरणी, गिरणीच्या मागच्या खोलीत कुटुंब, मधल्या दाराला केवळ पडदा. गिरणी बंद करा असे सांगणे कोणत्याही वैद्याला शोभणारे नव्हते, कारण पाच माणसांचे पोट तिच्यावर होते. पडद्याच्या जागी फळ्यांचे दार बसवले, मुलीचे अंथरूण मागच्या पडवीलगतच्या खोलीत हलवले, वडिलांनी पिठाचे कपडे उतरवून, अंग पुसूनच मुलीला घ्यावयाचे असे ठरले. वेग पूर्ण थांबले नाहीत. पण पंधरवड्याचा त्रास दोन-अडीच महिन्यांवर गेला आणि दहीभात दुपारच्या जेवणात परत आला. औषधयोग तेच होते, जे आधी चालू होते.

शीत, वात, व्यायाम

मेघ, शीत, प्राग्वात यांनी तमक वाढतो हे लक्षणवर्णन आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. आजच्या घरात त्याची रूपे म्हणजे थेट छातीवर येणारा कूलरचा झोत, दुचाकीवर पुढे उभे केलेले बालक, पहाटेच्या शाळेची रिक्षा. यावर फार लिहिण्याची गरज नाही.

व्यायामाविषयी मात्र थोडे. धावल्यावर, खूप हसल्यावर, रडल्यावर ज्याला खोकला येतो त्या बालकाचा तमकश्वास आटोक्यात नाही, असा त्याचा अर्थ आहे. त्यावर खेळ बंद करणे हा उपाय नव्हे. वेगकाळात विश्रांती द्यावी, एरवी मूल खेळलेच पाहिजे. खेळू शकते की नाही, हीच आपल्या चिकित्सेची कसोटी समजावी.

आहार व अपतर्पण

आता दह्याकडे येऊ. ज्या बालकास विशिष्ट पदार्थानंतर दर वेळी त्रास होतो, त्याचा तो पदार्थ अवश्य बंद करावा. रात्रीचे दही, शिळे व थंड अन्न, निजताना पाजलेली दुधाची बाटली यांना आमचाही विरोध आहे. निजताना पाजलेले दूध अम्लोद्गाराच्या वाटे वर येऊन रात्री खोकला उठवते, आणि तमक हा पित्तस्थानसमुद्भव म्हटला आहे, याचा येथे विचार व्हावा. परंतु सर्व फळे, सर्व दूध, सर्व स्निग्ध पदार्थ एकदम व अनिश्चित काळासाठी काढून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याच हेतुसंग्रहात रौक्ष्य, अत्यपतर्पण आणि दौर्बल्य हे शब्दही आहेत. म्हणजे आपण पथ्याच्या नावाखाली एक हेतू काढताना तीन हेतू घालतो. पथ्य लिहून देताना ते किती दिवस, हेही लिहावे, आणि प्रत्येक भेटीत बालकाचे वजन नोंदवावे. वजन घसरत असेल तर पथ्य चुकले आहे.

तमकासारखे, पण तमक नव्हे

चांगल्या मुलाला खेळताना किंवा खाताना अचानक ठसका लागला व तेव्हापासून छाती वाजू लागली, विशेषतः एकाच बाजूस, तर तो शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका अथवा मणी श्वासमार्गात गेल्याचा प्रसंग समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. जन्मापासूनची घुरघुर, दूध पिताना घाम येणे व थकणे, वजन न वाढणे, दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला व ज्वर, घरात क्षयाचा रुग्ण असणे, यांपैकी काहीही असल्यास हृद्विकार, क्षय इत्यादींची तपासणी झाल्याविना तमकाचे औषध सुरू करू नये.

आपल्या घरांतील आणखी एक चाल यात मोडते. अर्भकाच्या नाकात आंघोळीनंतर तेलाचे थेंब सोडणे, किंवा निजलेल्या बाळाचे नाक दाबून तेल-तूप, काढा पाजणे. तो स्नेह फुप्फुसात उतरून तेथे चिवट शोथ उत्पन्न करतो. सात वर्षांच्या आत नस्य नको, हा वाग्भटाचार्यांचा निर्देश आहे. प्रतिमर्शाची मुभा जन्मापासून आहे, परंतु प्रतिमर्श म्हणजे बोटाने नाकपुडीस लावलेला स्नेहाचा अंश, ओतलेले तेल नव्हे.

आपल्या फळीवरील हेतू

औषधी दुकान चालविणाऱ्या वाचकांसाठी हा भाग विशेष आहे, कारण अनेक पालक वैद्याकडे येण्याआधी आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभे असतात. कापूर, पुदिन्याचे फूल, निलगिरी तेल यांचे मलम किंवा पोटली दोन वर्षांखालील बालकासाठी देऊ नये. त्याच्या उग्र वासाने श्वासमार्ग आकसू शकतो, आणि कापूर पोटात गेल्यास बालकाला झटके येतात. एक वर्षाच्या आतील अर्भकास चूर्णाबरोबर मध चाटविण्यास सांगू नये. मधातील विशिष्ट जीवाणूंच्या बीजाणूंनी त्या वयात पक्षाघातासारखा गंभीर विकार होऊ शकतो आणि त्यात श्वास बंद पडतो. श्वासकुठार रसासारखे वत्सनाभ व मनःशिलायुक्त कल्प आईच्या सांगण्यावरून, चिठ्ठीविना, लहान मुलासाठी देणे सर्वथा अनुचित होय.

याहून गंभीर प्रश्न बिनलेबलाच्या "दम्याच्या पुड्यां"चा आहे. पहिल्या दिवसापासून चमत्कारासारखा उतार, भूक वाढणे, महिन्या-दोन महिन्यांत मुलाचा चेहरा गोल होणे, ही लक्षणे दिसली की पुडीत स्टेरॉइड मिसळले असल्याची दाट शंका घ्यावी. अशी पुडी काही महिने घेतलेल्या बालकाची ती अचानक बंद झाली, तर शरीराचे स्वतःचे संप्रेरक अपुरे पडून साध्या ज्वरातही प्राणांवर बेतू शकते. म्हणून "ती पुडी आजपासून बंद" असे सांगणेही सुरक्षित नाही. उरलेली पुडी बरोबर देऊन बालरोगतज्ज्ञाकडे तातडीने पाठवावे.

पंपाविषयीही हेच. "पंपाची सवय लागते" हा पालकांचा समज आपल्या एका वाक्याने दृढ होतो. श्वासावाटे घ्यावयाचे प्रतिबंधक औषध मध्येच सोडणे हा आज आढळणाऱ्या तीव्र वेगाच्या हेतूंपैकी एक मोठा हेतू आहे. आयुर्वेदीय चिकित्सा सुरू करताना ते औषध चालू ठेवावे. ते कमी करावयाचे ते बालक काही महिने स्थिर राहिल्यावर, ज्या वैद्यकांनी ते दिले त्यांच्याशी बोलून.

वेगकाळात बालक पुढ्यात आल्यास हेतूंची चौकशी नंतर, श्वास आधी मोजावा, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली 60, दोन ते बारा महिन्यांत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. पोट उडणे, बरगड्यांखाली खड्डा पडणे, पिता किंवा बोलता न येणे, ओठ निळसर होणे, ग्लानी, यांपैकी एक जरी दिसले तरी रुग्णालयच. पंप जवळ असेल तर निघण्यापूर्वी व वाटेत तो द्यावयास लावावा. आणि खूप धाप लागलेल्या बालकाची घुरघुर एकाएकी ऐकू येईनाशी झाली तर त्याला उतार समजू नये. स्रोतसांतून वायूच जात नसल्याचे ते चिन्ह आहे.

हेतू शोधण्यास आम्ही पालकांना एक साधी वही ठेवावयास सांगतो. त्रास कोणत्या तिथीला वा तारखेला, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत. आदल्या दोन दिवसांत घरात सर्दी कोणाला. त्या दिवशी काय जळले, काय झाडले, काय भाजले, काय खाल्ले. मूल कोठे गेले होते. आईला लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करावयास सांगावे, सर्दीची वेगळी, धुराची वेगळी. तीन महिन्यांच्या खुणा एकत्र पाहिल्या की बहुधा एक-दोन हेतू वर येतात, आणि जे कधीच वर येत नाहीत त्यांचे पथ्य त्या भेटीत सोडवून टाकावे.